खरी सूचना आणि खोटा दूरध्वनि

पूर्वी ठक दाराशीं येत असे. 'दागिने उजळून देतों' म्हणून तो ओसरीवर बसे, पातेल्यांतील पाण्यांत बांगड्या बुडवून काढी आणि चकचकीत करून हातीं देई. तो गांव सोडून गेल्यावर केव्हां तरी त्या बांगड्या सोनाराच्या तराजूंत पडत, आणि मग कळे कीं बांगड्या उजळल्या खऱ्या, परंतु मासाभर सोनें त्या पाण्याबरोबर गेलें. त्या ठकास निदान तोंड होतें. आळींतल्या चार माणसांनीं त्यास पाहिलेलें असे. आजचा ठक आवाजापुरताच असतो, आणि विशेष हें कीं, तो आवाज चोराचा नसून पहारेकऱ्याचा असतो. 'आपल्या खात्यावर चोरी होत आहे, ती आम्ही थांबवीत आहों' असें सांगत तो येतो. चोरी करावयाची ती चोरीची सूचना देण्याच्या मिषानें, ही या धंद्यांतील मेख आहे. अडचण अशी कीं, खरी बँकहि जवळजवळ याच शब्दांनीं सूचना देत असते.

'बँकेच्या नांवानें आलेला कोणताहि फोन खोटा समजावा' हा उपदेश आतां घरोघर पोंचला आहे. तो वाईट नाहीं, पण अर्धा आहे. बँका खरोखरच फोन करतात. मोठ्या बँकांत व्यवहारांवर नजर ठेवणारी यंत्रणा दिवसरात्र चालू असते. ज्या कार्डावर महिन्याकांठीं वाण्याचें बिल आणि औषधें यांपलीकडे खर्च पडत नाहीं, त्यावर मध्यरात्रीं परदेशांतील एखाद्या दुकानाची मागणी आली म्हणजे ती यंत्रणा व्यवहार अडविते आणि ग्राहकास विचारते. ही विचारणा त्याच्या हिताची असते, आणि तिच्याकडे पाठ फिरविणाराचें नुकसान होऊं शकतें. तेव्हां घंटा वाजल्यावर खरें कोणतें आणि खोटें कोणतें हें ओळखावें कसें, असा हा प्रश्न आहे.

सोलापुरांतील एखाद्या निवृत्त कारकुनाच्या घरीं दुपारीं दोन वाजतां मोबाइल वाजला अशी कल्पना करावी. जेवण होऊन गृहस्थ नुकतेच आडवे झालेले आहेत. पलीकडून आवाज येतो, "नमस्कार, बँकेच्या दक्षता विभागांतून बोलत आहें. आपल्या कार्डावर आतांच अठरा हजार रुपयांच्या खरेदीचा प्रयत्न झाला. ती खरेदी आपण केलीत काय ?" गृहस्थ दचकून उठून बसतात आणि "नाहीं" म्हणतात. "ठीक आहे. व्यवहार आम्ही अडविला आहे, कार्ड बंद केलें आहे. नव्या कार्डासाठीं शाखेंत जावें किंवा कार्डाच्या पाठीवरील क्रमांकावर बोलावें. नमस्कार." सारें दीड मिनिटांत आटोपतें. पुष्कळदां तर जिवंत माणूस बोलतहि नाहीं. ध्वनिमुद्रित आवाज 'व्यवहार आपला असल्यास एक दाबा, नसल्यास दोन दाबा' एवढें सांगतो आणि थांबतो.

आतां तीच दुपार आणि तेच गृहस्थ घ्यावे. आवाजहि तितकाच गोड आहे. दक्षता विभाग, अठरा हजार, "खरेदी आपण केलीत काय ?" येथपर्यंत एका अक्षराचा फरक नाहीं. "नाहीं" म्हणतांच मात्र पुढचें वाक्य येतें तें असें : "घाबरूं नका, काका. व्यवहार रद्द करण्यासाठीं आपल्या मोबाइलवर सहा अंकी क्रमांक पाठविला आहे. तेवढा वाचून दाखवा. दोनच मिनिटें आहेत, नाहींतर पैसे जातील. आणि फोन ठेवूं नका."

पहिलीं वाक्यें सारखीं असल्यामुळें त्यांवरून परीक्षा करूं पाहणारा फसतो. लोक मात्र नेमकी तेथेंच परीक्षा करतात. बोलणारा सभ्य आहे, त्यास आपलें पूर्ण नांव ठाऊक आहे, कार्डाचे शेवटचे चार आंकडे त्यानें बिनचूक सांगितले, मागें बँकेंतल्यासारखी गजबज ऐकूं येते. मग तो बँकेचा नसेल कसा? परंतु शेवटचे चार आंकडे हें कांहीं गुपित नव्हे. दुकानांत कार्ड चालविल्यावर मिळणाऱ्या पावतीवर ते छापलेले असतात. नांव, पत्ता आणि जन्मतारीख यांच्या झेरॉक्स प्रती सिमकार्डाच्या दुकानापासून कर्जाच्या दलालापर्यंत किती ठिकाणीं पडून असतात याचा हिशेब कोणी ठेविला आहे ? गजबज तर ध्वनिमुद्रित करून लावतां येते. जो मनुष्य दिवसाला शंभर घरांशीं बोलतो, त्यास गोड बोलणें साधतेंच.

भाषेवरूनहि कांहीं ठरत नाहीं. दहाबारा वर्षांपूर्वी असे फोन येत तेव्हां मोडक्या हिंदीवरून लोक सावध होत. झारखंडांतील जामताडा हा जिल्हा 'आपलें एटीएम कार्ड बंद पडणार आहे' असें सांगणाऱ्या फोनांसाठीं देशभर बदनाम झाला. (त्याच जिल्ह्यांत करमाटांड म्हणून एक गांव आहे. ईश्वरचंद्र विद्यासागर उत्तर आयुष्यांत अनेक वर्षें तेथें संथाळ लोकांमध्यें राहिले. त्यांनीं मुलींसाठीं शाळा चालविली, औषधें फुकट वांटलीं. तेथल्या रेल्वे स्टेशनास आज विद्यासागरांचेंच नांव आहे. मूठभर लोकांच्या उद्योगानें अशा भूमीचें नांव शिवीसारखें व्हावें, ही त्या जिल्ह्यावर अन्यायाचीच गोष्ट होय.) आतां हा धंदा एका जिल्ह्याचा राहिला नाहीं. कंबोडिया आणि म्यानमार या देशांत मोठमोठ्या आवारांतून तो कारखान्यासारखा चालविला गेला, आणि नोकरीच्या आमिषानें तेथें नेलेल्या भारतीय तरुणांनाच त्यास जुंपण्यांत आलें. मार्च २०२५ मध्यें पांचशेंहून अधिक भारतीयांना म्यानमारच्या सरहद्दीवरून विमानानें परत आणावें लागलें. असा धंदा हव्या त्या प्रांताचा बोलणारा मिळवूं शकतो. म्हणून पलीकडून अस्सल मराठी ऐकूं आलें, कोणी 'काका', 'मावशी' म्हणालें, तरी तो बँकेचाच असल्याचा पुरावा होत नाहीं.

राहिला पडद्यावर दिसणारा क्रमांक. तोहि बनावट दाखवितां येतो. परदेशांतून केलेला फोन भारतीय क्रमांकावरून आल्यासारखा भासविण्याची युक्ति इतकी पसरली कीं, ती अडविण्यासाठीं दूरसंचार खात्यानें २२ ऑक्टोबर २०२४ रोजीं स्वतंत्र यंत्रणा सुरू केली. पहिल्या चोवीस तासांतच सुमारें १ कोटी ३५ लाख फोन तिनें अडविले, असें शासनानें जाहीर केलें. नांव दाखविणाऱ्या ॲपवर विसंबण्यांत तर कांहींच अर्थ नाहीं, कारण तेथें 'अमुक बँक' असें नांव कोणीहि लावून घेऊं शकतो. त्यांतल्या त्यांत एक सुधारणा उपयोगाची झाली आहे. बँकांनीं सेवेच्या फोनांसाठीं १६०० या आंकड्यांनीं आरंभ होणारे क्रमांकच वापरावे आणि जाहिरातीसाठीं १४० नें आरंभ होणारे, अशी आज्ञा रिझर्व्ह बँकेनें १७ जानेवारी २०२५ रोजीं काढली. पुढें दूरसंचार नियामक प्राधिकरणानें व्यापारी बँकांस त्यासाठीं १ जानेवारी २०२६ ही मुदत घालून दिली. तथापि हें चिन्ह नाकारण्यासाठीं वापरावें, विश्वासासाठीं नव्हे. साध्या दहा आंकडी मोबाइलवरून 'बँक' बोलूं लागली तर संशय घ्यावा. १६०० वरून बोलली म्हणून गुपित उघडें करूं नये.

मग कसोटी कोणती ? ती चौथ्या वाक्यांत आहे. खऱ्या माणसानें 'अडविला आहे' असें सांगितलें. खोट्यानें 'अडविण्यासाठीं अंक द्या' असें म्हटलें. या दोहोंत जें अंतर आहे तें शिष्टाचाराचें नसून बँकेच्या रचनेंतलेंच आहे. पैसे थांबविण्यास बँकेला ग्राहकाच्या गुपिताची मुळींच गरज नसते. किल्ली तिच्याच हातीं आहे. कार्ड बंद करणें, व्यवहार रोखणें, खात्यास कुलूप घालणें हें ती आपल्या टेबलावरून करते. गुपित लागतें तें पैसे बाहेर जाऊं देण्यासाठीं.

ज्यास लोक ओटीपी म्हणतात तो एकदांच चालणारा अंक आपल्याकडे आला कसा हें पाहिलें म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते. इंटरनेटवर कार्डानें खरेदी करतांना कार्डावर छापलेल्या माहितीखेरीज आणखी एक खूण पटली पाहिजे, असा नियम रिझर्व्ह बँकेनें १ ऑगस्ट २००९ पासून लागू केला. कार्ड हरवलें किंवा त्यावरील आंकडे कोणी टिपून घेतले, तरी ही दुसरी खूण मालकापाशीं राहावी, हा त्यांतील हेतु. म्हणजे तो अंक ही ग्राहकाची सही आहे. 'हा चेक रद्द करावयाचा आहे, म्हणून त्यावर आपली सही करून द्या' असें कोणी समोर येऊन म्हणाला, तर साताऱ्याच्या बाजारांतला भाजीवालाहि त्यास हंसून वाटेस लावील. टेलिफोनवर मात्र हेंच वाक्य शिकलेल्या माणसांसहि पटतें, कारण सही येथें सहीसारखी दिसत नाहीं, निरुपद्रवी सहा आंकड्यांसारखी दिसते. ज्या संदेशांतून तो अंक येतो तोच संदेश पुष्कळदां रक्कम आणि घेणाराचें नांव सांगत असतो, 'कोणासहि सांगूं नका' असेंहि म्हणत असतो. पण पलीकडचा मनुष्य 'फक्त आंकडे वाचा' म्हणून घाई करतो, आणि वाचणाराची नजर आंकड्यांपलीकडे जात नाहीं.

या एका युक्तीचीं रूपें मात्र अनेक आहेत. कोणी 'अडकलेली रक्कम परत करतों, यूपीआयचा पिन टाका' म्हणतो. वस्तुतः पैसे घेण्यास पिन लागतच नाहीं, तो लागतो देण्यास. कोणी 'मदत करतों, हें ॲप उतरवून घ्या' म्हणतो, आणि त्या ॲपमधून आपला पडदा त्याच्या पडद्यावर दिसूं लागतो. मग अंक विचारण्याचीहि गरज उरत नाहीं. व्हॉट्सॲपवरून आलेली 'केवायसी'ची फाइल हा त्यांतलाच प्रकार. आणि सर्वांत वाईट रूप तें, ज्यांत गुपित मागितलेंच जात नाहीं : 'आपलें खातें धोक्यांत आहे, सगळी रक्कम या सुरक्षित खात्यांत हलवा.' येथें ग्राहक स्वतःच्या हातानें, स्वतःच्या पिननें आयुष्याची पुंजी पाठवून मोकळा होतो. त्या खात्यास रिझर्व्ह बँकेचें नांव दिलेलें असतें. परंतु रिझर्व्ह बँक सामान्य माणसाचें बचत खातें ठेवीतच नाहीं. तोतये पोलीस व्हिडिओवर दाखवितात ती 'डिजिटल अटक' याच कुळांतली. कायद्यांत अशी अटक नाहीं, एवढें तिच्याविषयीं पुरे.

या ठिकाणीं बँकांनाहि कांहीं बोलणें प्राप्त आहे. ग्राहकानें सावध असावें असे फलक प्रत्येक शाखेंत लागतात. परंतु बँकांचेच विक्रेते विमा आणि कर्ज गळ्यांत घालण्यासाठीं वर्षानुवर्षें साध्या मोबाइलवरून फोन करीत आले, आणि 'खात्री करण्यासाठीं जन्मतारीख सांगा' असें विचारीत आले. जो फोन करतो त्यानें आपली ओळख आधीं पटवावी, हा साधा न्याय त्यांनीं उलटा केला. अशा रीतीनें लोकांना अनोळखी आवाजापुढें उत्तरें देण्याची संवय बँकांनींच लाविली, आणि ठकांनीं तयार शेतांत पेरणी केली. १६०० ची आज्ञा निघाली ती या दृष्टीनें उशिराच निघाली असें म्हटलें पाहिजे.

आतां उपाय. तो इतका साधा आहे कीं त्यास उपाय म्हणावयासहि लोक तयार नसतात. फोन ठेवून द्यावा, आणि मग आपण होऊन बँकेस फोन करावा. खरा असेल तर त्याचें कांहीं बिघडत नाहीं. व्यवहार अडलेलाच असतो, आणि बँकेंतला दुसरा माणूस नोंद पाहून तेंच सांगतो. खोटा असेल तर त्याचें सारेंच बिघडतें. म्हणूनच तो 'फोन ठेवूं नका' असा आग्रह धरतो. बँकेचा माणूस फोन ठेवण्यास कधींहि हरकत घेत नाहीं, आणि 'घरांत कोणास सांगूं नका' असें तर तो स्वप्नांतहि म्हणणार नाहीं.

परत फोन करावयाचा तो कोणत्या क्रमांकावर, यांतहि फसगत आहे. ज्या क्रमांकावरून फोन आला त्यावर नव्हे, बोलणारानें दिलेल्या क्रमांकावर नव्हे, आणि इंटरनेटवर शोधून पहिला सांपडेल त्यावरहि नव्हे; तेथें खोटे क्रमांक मुद्दाम पेरून ठेविलेले असतात. कार्डाच्या पाठीवर छापलेला क्रमांक, पासबुकावरचा क्रमांक, किंवा सरळ शाखा. संकेतस्थळच पाहावयाचें तर त्याचा शेवट 'बँक डॉट इन' असा आहे ना हें पाहावें. भारतीय बँकांनीं ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत या नव्या पत्त्यावर यावें असें रिझर्व्ह बँकेनें ठरविलें होतें. इंग्लंडांत २०२१ सालीं १५९ हा एकच छोटा क्रमांक सुरू झाला; तो फिरवला कीं सामील झालेल्या बँकांपैकीं आपल्या बँकेशीं जोडून दिलें जातें. तेथें पूर्वी आणखी एक लबाडी चाले. तारेच्या टेलिफोनवर ऐकणारानें फोन ठेवला तरी करणारानें ठेवला नाहीं तर ओळ कांहीं वेळ जोडलेलीच राही. बिचारा ग्राहक बँकेचा क्रमांक फिरवी, आणि पलीकडे तोच ठक निराळ्या आवाजांत 'बँक' म्हणून उत्तर देई. मोबाइलवर हें भय नाहीं.

उपाय सोपा असूनहि तो योजला जात नाहीं, याचें कारण बुद्धींत नाहीं, संस्कारांत आहे. जन्मभर ज्यांनीं साहेबाच्या हुकुमास 'होय' म्हटलें, कचेरीचें पत्र आलें कीं आधीं उभें राहून वाचलें, त्यांना अधिकाऱ्याचें बोलणें मध्येंच तोडून फोन ठेवणें हा उद्धटपणा वाटतो. ठकास हें पक्कें ठाऊक असतें. तो आधीं भीति घालतो, मग आदर दाखवितो, मग घाई करतो. आणि या तिहींच्या कचाट्यांत विचाराला उसंतच मिळत नाहीं. म्हणून घरांतल्या तरुणांनीं वडिलधाऱ्यांस नुसतें 'सावध राहा' म्हणून भागत नाहीं. फोन तोडण्याचें एक सभ्य वाक्य त्यांच्या हातीं द्यावें : "आभारी आहें, मी शाखेंत फोन करून विचारतों." एवढें बोलून ठेवावें. यांत अपमान कोणाचाच होत नाहीं, आणि जीभ अडखळत नाहीं. बँकेचा क्रमांक ठळक अक्षरांत लिहून टेलिफोनच्या जागीं, किंवा देवघराशेजारच्या भिंतीवर, लावून ठेवावा. चष्मा शोधण्याइतकाहि वेळ अशा वेळीं मोठा असतो.

दुसऱ्या बाजूची चूकहि कमी नाहीं. खोट्या फोनांना कंटाळून कित्येक लोक बँकेचे संदेश वाचीतच नाहींत, आणि मोबाइल क्रमांक बदलला तरी बँकेंत कळवीत नाहींत. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानें रिझर्व्ह बँकेनें जबाबदारीची जी वांटणी केली ती यासाठीं ठाऊक असावी. बँकेच्या हयगयीनें पैसे गेले तर ग्राहकावर भार नाहीं. दोष दोघांचाहि नसून अन्यत्र कोठें माहिती फुटली असेल, तर व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकावर भार नाहीं. ४ ते ७ दिवसांत कळविल्यास साधारण बचत खात्याच्या धन्यानें फार तर १० हजार रुपयांपर्यंत सोसावें. त्यापुढें बँकेच्या धोरणावर. परंतु ग्राहकानें स्वतःच गुपित सांगितल्यानें पैसे गेले, तर बँकेस कळवीपर्यंतचें सारें नुकसान त्याचें, आणि कळविल्यानंतर जें जाईल तें बँकेचें. ग्राहकाचा दोष आहे हें सिद्ध करण्याचें ओझेंहि त्या परिपत्रकानें बँकेवरच ठेविलें. म्हणजे खऱ्या सूचनेकडे दुर्लक्ष करून आठवडा घालविणारा मनुष्य, कांहींहि अपराध नसतां, आपला हक्क हातचा घालवून बसतो. आणि ज्याच्या हातून अंक सांगितला गेला त्यासहि लगेच कळविण्यांत लाभ असतोच.

अंक दिला गेलाच, तर पहिला फोन बँकेस आणि दुसरा १९३० या क्रमांकावर. ही योजना केंद्रीय गृहखात्यानें एप्रिल २०२१ मध्यें १५५२६० या क्रमांकानें आरंभिली. पुढें क्रमांक बदलून १९३० झाला. तक्रार नोंदली जातांच पैसे ज्या बँकेंत गेले तिला कळविलें जातें, आणि ते तेथेंच असल्यास गोठविले जातात. पैसे एका खात्यांत बसून राहत नाहींत. भाड्यानें घेतलेल्या खात्यांतून ते पुढें पुढें सरकत जातात आणि शेवटीं कोठल्या तरी एटीएममधून रोख होऊन निघतात. पहिल्या तासा-दोन तासांत पाठलाग झाला तर बरेंच हातीं लागण्याचा संभव असतो. दुसऱ्या दिवशीं तो फार कमी होतो. आणि हा पहिला तास बहुतेक घरांत लाजेपायीं जातो. मुलगा काय म्हणेल, सून काय म्हणेल, या विचारांत माणूस अंधार पडेपर्यंत गप्प बसतो. अशा घरांत कोणी 'तुम्हांला इतकें कसें कळलें नाहीं ?' असें विचारीत बसूं नये. खाते क्रमांक, व्यवहाराची वेळ, रक्कम, संदेशांतला व्यवहार-क्रमांक आणि ज्या मोबाइलवरून फोन आला तो क्रमांक, एवढें एका कागदावर उतरून घ्यावें, १९३० ला सांगावें, आणि तिकडून मिळालेला तक्रार-क्रमांक त्याच कागदावर लिहून ठेवावा. बँकेंत लेखी अर्ज देतांना तोच प्रथम विचारला जातो.